मेलाटोनिन: सेरोटोनिनला जोडलेले दोन लहान गट पेशीत काय काय घडवतात?

रसायनी

झोपेविषयीच्या एका जुन्या धाग्यावर मेलाटोनिनला कोणी झोपेचे औषध म्हटले होते, कोणी संप्रेरक, तर कोणी शरीरातील सर्वांत प्रभावी अँटिऑक्सिडंट. तिन्ही विधाने एकाच रेणूविषयी होती आणि ती करणाऱ्यांपैकी एकानेही त्या रेणूची रचना कशी आहे याचा उल्लेख केला नव्हता. मी अनेक वर्षे महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे मला ही गोष्ट खटकली, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. पेशीविज्ञान हा माझा विषय नाही, तेव्हा त्या बाजूच्या चुका जाणकारांनी निःसंकोच दाखवाव्यात.

मेलाटोनिनचे रासायनिक नाव एन-ॲसिटिल-५-मेथॉक्सीट्रिप्टामाइन असे आहे. नाव लांबलचक असले तरी रेणू अगदी लहान आहे. त्यात कार्बनचे १३, हायड्रोजनचे १६, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू असून त्याचा रेणुभार सुमारे २३२ आहे. मध्यभागी इंडोल नावाची सपाट जोडकडी आहे, म्हणजे सहा अणूंचे एक कडे आणि नायट्रोजन असलेले पाच अणूंचे दुसरे कडे एका बाजूने एकमेकांस चिकटलेले. या जोडकडीच्या ५ क्रमांकाच्या कार्बनवर मेथॉक्सी गट (ऑक्सिजन आणि त्याला जोडलेला मिथिल, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन) बसलेला आहे, आणि ३ क्रमांकाच्या कार्बनपासून दोन कार्बनची लवचीक साखळी निघते, जिच्या टोकाला असलेला नायट्रोजन ॲसिटिल गटाने (कार्बोनिल, म्हणजे ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन, आणि त्याला जोडलेला मिथिल) झाकलेला आहे. चित्र डोळ्यांसमोर आणायचे तर एका सपाट पाटाला दोन बाजूंनी दोन हात फुटले आहेत असे समजावे. मेथॉक्सी हा आखूड आणि ताठ हात, तर ॲसिटिलची साखळी हा लांब आणि वळणारा हात.

आता याच चित्रातून दोन्ही गट काढून टाका. मेथॉक्सीच्या जागी साधा हायड्रॉक्सिल गट ठेवा आणि साखळीच्या टोकाचा नायट्रोजन मोकळा करा, की हाती सेरोटोनिन हा चेतापेशींचा निरोप्या रेणू येतो. शरीरातही वाट हीच आहे, फक्त दिशा उलटी. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन तयार होते. मेंदूतील पिनियल ग्रंथीत रात्री एक विकर त्याच्या नायट्रोजनवर ॲसिटिल गट चढवते, दुसरे विकर हायड्रॉक्सिलवर मिथिल गट चढवते आणि मेलाटोनिन तयार होते. यांतील दुसरे विकर ज्युलियस ॲक्सलरॉड आणि हर्बर्ट वाइसबाख यांनी १९६० च्या सुमारास ओळखले.

हे दोन गट जोडल्याने नेमके काय बदलते, हा या धाग्याचा विषय आहे. माझ्या मते पहिला आणि सर्वांत दूरगामी बदल विद्युत्भाराचा आहे. सेरोटोनिनच्या टोकाचा मोकळा नायट्रोजन शरीराच्या सामूत (आम्लतेच्या पातळीवर, म्हणजे पीएचला) जवळजवळ नेहमी एक प्रोटॉन धरून असतो, म्हणजेच रेणूवर धनभार असतो. भार असलेला रेणू पाण्यात सुखाने राहतो, पण पेशीपटलाच्या मेदयुक्त थरातून आपणहून पलीकडे जाऊ शकत नाही. त्याच नायट्रोजनवर ॲसिटिल गट बसला की तो अमाइनचा अमाइड होतो, नायट्रोजनवरील इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी शेजारच्या कार्बोनिलकडे ओढली जाते, आणि मग तो प्रोटॉन घेत नाही. भार नाहीसा होतो. त्याच वेळी मेथॉक्सी गटामुळे हायड्रॉक्सिलचा पाण्याशी हायड्रोजन देऊन जुळणारा बंधही जातो. परिणामी मेलाटोनिन पाण्यात थोडेफार विरघळते आणि मेदात त्याहून बरे विरघळते.

याचा पेशीच्या पातळीवरील अर्थ मोठा आहे. सेरोटोनिन पेशीत लहान पिशव्यांमध्ये साठवून ठेवता येते आणि इशारा मिळताच बाहेर सोडता येते. मेलाटोनिन असे कोंडून ठेवता येत नाही, कारण पिशवीचे पटलच त्याला अडवत नाही. त्यामुळे पिनियल ग्रंथीत मेलाटोनिनचा साठा नसतो. तयार झाले की ते लगेच रक्तात आणि मेंदूतील द्रवात पसरते. किती स्रवायचे याचे नियंत्रण किती बनवायचे यावरच ठेवावे लागते, आणि म्हणूनच ॲसिटिल गट चढवणारे पहिले विकर या साऱ्या व्यवस्थेची किल्ली ठरते. रात्री डोळ्यांवर उजेड पडला की हे विकर काही मिनिटांतच मोडीत निघू लागते आणि रक्तातील मेलाटोनिन खाली येते. गोदाम नसलेल्या कारखान्यात यंत्र बंद करणे हाच माल थांबवण्याचा उपाय असतो.

दुसरा बदल ओळखीचा आहे, म्हणजे ग्राही प्रथिने (रेणूरूपी निरोप पकडणारी पेशीवरील प्रथिने) या रेणूला कशी ओळखतात याचा, आणि तिसरा इंडोल कड्याच्या इलेक्ट्रॉनसमृद्धीचा, ज्यावर अँटिऑक्सिडंटचा सारा दावा उभा आहे. त्यांविषयी चर्चेतच लिहीन, कारण तिसऱ्या मुद्द्यावर मतभेद होतील असा माझा अंदाज आहे.

नक्षत्रवेडी

लेख आवडला. एक प्राथमिक शंका आहे. मेलाटोनिन या नावात ‘मेला’ हा शब्द मेलॅनिनमधून, म्हणजे काळ्या रंगद्रव्यावरून आला असावा असे वाटते. झोपेच्या संप्रेरकाचा त्वचेच्या रंगाशी काय संबंध? की ‘रात्र काळी’ म्हणून हे नाव दिले?

रसायनी

नक्षत्रवेडी, रात्रीशी त्या नावाचा संबंध नाही. संबंध बेडकाशी आहे. १९१७ साली मॅक्कॉर्ड आणि ॲलन यांना असे आढळले की गाईच्या पिनियल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला तर त्यांची त्वचा फिकट होते. हे द्रव्य कोणते, हा प्रश्न त्यानंतर चाळीस वर्षे तसाच राहिला. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांना त्वचेच्या रंगाच्या विकारांत, विशेषतः कोडात, रस होता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईबैलांच्या हजारो पिनियल ग्रंथींवर प्रक्रिया करून १९५८ साली हे द्रव्य वेगळे केले. रंगद्रव्यावर परिणाम करणारे म्हणून ‘मेला’ आणि सेरोटोनिनपासून बनणारे म्हणून ‘टोनिन’ असे नाव पडले. माणसाच्या त्वचेचा रंग मात्र त्याने उजळत नाही, त्यामुळे कोडावरील औषधाची आशा तिथेच संपली.

कणाद

मी पेशीविज्ञानात संशोधन करतो. बेडकाचा उल्लेख झाला ते बरे झाले, कारण पेशीवरील परिणाम समजावून सांगण्यासाठी त्याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींमध्ये मेलॅनिनचे कण भरलेले असतात. हे कण पेशीभर पसरले की त्वचा गडद दिसते आणि केंद्रकाभोवती गोळा झाले की फिकट दिसते. कणांना बाहेर नेणारी आणि आत आणणारी प्रथिनांची यंत्रे वेगवेगळी आहेत, आणि कोणत्या यंत्राचे वर्चस्व राहील हे पेशीतील चक्रीय एएमपी या लहान निरोप्या रेणूच्या प्रमाणावर ठरते. प्रमाण वाढले की कण पसरतात, घटले की गोळा होतात. मेलाटोनिन हे प्रमाण घटवते, म्हणून त्वचा फिकट होते.

माणसाच्या मेंदूत रंगाचे कण नाहीत, पण तंत्र तेच आहे. सस्तन प्राण्यांत मेलाटोनिनसाठी एमटी-१ आणि एमटी-२ अशी दोन ग्राही प्रथिने आहेत. पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणाऱ्या ग्राहींच्या मोठ्या कुळातील ही प्रथिने आहेत, आणि मेलाटोनिन बसले की दोन्ही मुख्यत्वे जी-आय या निरोधक प्रथिनामार्फत चक्रीय एएमपीचे उत्पादन कमी करतात. स्टीव्हन रेपर्ट यांच्या प्रयोगशाळेने या दोघांची जनुके १९९४ आणि १९९५ साली वेगळी केली. बेडकाच्या रंगपेशींतील ग्राहीचे जनुक १९९४ मध्येच हाती आले होते. मेंदूतील ज्या केंद्रात शरीराचे घड्याळ आहे तिथे एमटी-१ चेतापेशींचा धडधडाट कमी करते, आणि घड्याळाचे काटे पुढेमागे सरकवण्यात एमटी-२ चा मोठा वाटा आहे. म्हणून मेलाटोनिनला झोपेचे औषध म्हणण्यापेक्षा ‘अंधार पडला’ हा निरोप म्हणणे अधिक अचूक ठरेल. उंदरासारख्या निशाचर प्राण्यांतही ते रात्रीच वाढते, आणि रात्री तर ते प्राणी जागे असतात.

एक गंमत इथेच नोंदवतो. पिनियल ग्रंथीत मेलाटोनिन तयार होण्यासाठी नॉरॲड्रेनॅलिनच्या इशाऱ्याने चक्रीय एएमपी वाढावे लागते, आणि तयार झालेले मेलाटोनिन इतरत्र जाऊन चक्रीय एएमपी कमी करते.

रसायनी

कणाद यांनी ग्राहींचा विषय काढला आहे, तर त्या दोन हातांकडे वळतो. २०१९ साली एमटी-१ आणि एमटी-२ या दोन्हींच्या स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्या. त्यांतून मेलाटोनिनसारखे रेणू ग्राहीच्या खिशात कसे बसतात हे अणूंच्या पातळीवर दिसले. मेथॉक्सी गटातील ऑक्सिजन हा ग्राहीच्या चौथ्या आवर्तातील (पेशीपटलातून आरपार जाणाऱ्या सात मळसूत्री भागांपैकी चौथ्यातील) ॲस्परॅजिन या अमिनो आम्लाशी हायड्रोजन बंध करतो. ॲसिटिलच्या बाजूची अमाइड शृंखला पेशीबाहेरच्या दुसऱ्या वळणावरील (दोन आवर्तांना जोडणाऱ्या भागावरील) ग्लुटामिन या अमिनो आम्लाशी जुळते. मधला सपाट पाट त्याच वळणावरील फेनिलॲलॅनिन या अमिनो आम्लाच्या सपाट कड्यावर पत्त्यावर पत्ता ठेवावा तसा बसतो. म्हणजे दोन टोकांना दोन खुंट्या आणि मध्ये आधार.

मला सर्वांत उद्बोधक वाटले ते वेगळेच. या कुळातील बहुतेक ग्राहींचा खिसा पेशीच्या बाहेरील पाण्याच्या बाजूने उघडा असतो, परंतु इथे तो वरून जवळजवळ झाकलेला आहे आणि एमटी-१ मध्ये आत जाण्याची वाट चौथ्या आणि पाचव्या आवर्तांच्या मधून, पेशीपटलाच्या आतून, बाजूने दिसते. रेणू आधी मेदात शिरतो आणि मग कडेच्या दाराने खिशात येतो, असा त्यावरून तर्क केला गेला. भार असलेल्या सेरोटोनिनला या दाराशी पोहोचणेही अवघड आहे. भार काढून टाकणारा ॲसिटिल गट हीच प्रवेशाची अट, आणि आत गेल्यावर खुंटीला अडकणारा हातही तोच.

हे बंध किती महत्त्वाचे आहेत हे एकेक हात काढून पाहिले की कळते. मेथॉक्सीवरील मिथिल गट काढला तर एन-ॲसिटिलसेरोटोनिन उरते, आणि एका मिथिल गटाच्या फरकाने या ग्राहींना त्याचे आकर्षण शेकडो पटींनी किंवा त्याहूनही कमी होते. सेरोटोनिनला तर हे ग्राही जवळजवळ ओळखतच नाहीत. उलट इंडोलच्या २ क्रमांकाच्या कार्बनवर आयोडीनचा अणू बसवला तर पकड आणखी घट्ट होते. किरणोत्सारी आयोडीन घातलेले हेच संयुग वापरून संशोधकांनी शरीरातील ग्राहींच्या जागा शोधल्या.

जुनेजाणते

चर्चा उत्तम चालली आहे. भाषेविषयी एक सूचना. कणाद यांनी ‘चेतापेशींचा धडधडाट’ असे लिहिले आहे. धडधडाट आगगाडीचा असतो. ‘चेतापेशींचे स्पंदन’ म्हणावे. ‘ग्राही’ हा शब्द मात्र योग्य वापरला आहे. काही जण ‘ग्राहक’ लिहितात आणि मग वाचकाला दुकान आठवते.

कणाद

सूचना मान्य. स्पंदनही हृदयाकडे ओढते, त्यामुळे ‘चेतापेशींचे विद्युत्संदेश कमी करते’ असे वाचावे.

समुद्रपार

मी न्यू जर्सीत राहतो आणि रात्री उशिरापर्यंत भारतातील सहकाऱ्यांबरोबर बैठका असतात. इथे मेलाटोनिन किराणा दुकानात गोड गोळ्यांच्या रूपाने मिळते आणि पुठ्ठ्यावर ‘पेशींचे संरक्षण’ असे छापलेले असते. पत्नीचे म्हणणे असे की झोपेसाठी उपयोग झाला नाही तरी अँटिऑक्सिडंट म्हणून घेत राहावे, नुकसान काय? रसायनी यांनी तिसरा मुद्दा राखून ठेवला आहे, तो कृपया मांडावा.

रसायनी

मांडतो. ज्याच्याजवळ इलेक्ट्रॉन मुबलक आहेत आणि जो त्यांतील एक देऊनही फारसा अस्थिर होत नाही, असा रेणू मुक्त मूलकाला (एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरल्याने अतिशय क्रियाशील झालेल्या रेणूला) शांत करू शकतो. इंडोलचे जोडकडे असेच आहे, आणि ५ क्रमांकावरील मेथॉक्सी गट आपले इलेक्ट्रॉन कड्याकडे ढकलून त्याची समृद्धी आणखी वाढवतो. १९९३ साली रसेल राइटर यांच्या गटाने मेलाटोनिन हे हायड्रॉक्सिल मूलक टिपते असे दाखवले आणि तिथून या विषयावरील लेखांचा पूर लोटला.

रसायनाच्या दृष्टीने त्यातील सुंदर भाग पुढे आहे. मूलकाशी झालेल्या अभिक्रियेत मेलाटोनिन वाया जात नाही, त्याची रूपे बदलतात. एका वाटेने ३ क्रमांकाच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल बसते आणि साखळी वळून स्वतःच कडे पूर्ण करते, त्यातून चक्रीय ३-हायड्रॉक्सीमेलाटोनिन होते. दुसऱ्या वाटेने इंडोलच्या पाच अणूंच्या कड्यातील २ आणि ३ क्रमांकांच्या कार्बनमधील बंध तुटून कडे उघडते आणि किन्युरामाइन गटातील संयुगे तयार होतात. ही संयुगेही आणखी मूलके टिपू शकतात. एका रेणूची नातवंडेसुद्धा कामाला लागतात, म्हणून समर्थक याला साखळी संरक्षण म्हणतात. परीक्षानळीत हे सारे घडते, याविषयी वाद नाही.

कणाद

परीक्षानळीत घडते हे मान्य; पेशीत घडते का, हा प्रश्न आहे, आणि इथे मी धागाकर्त्यांशी थोडा भांडणार आहे.

माणसाच्या रक्तात रात्री मेलाटोनिनचे सर्वोच्च प्रमाण साधारणपणे दर मिलिलिटरला १०० पिकोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते आणि दिवसा ते १० च्या खाली जाते. रेणुभार २३२ धरून गणित केले तर रात्रीचे प्रमाण सुमारे ०.४ नॅनोमोलर येते. पेशीत ग्लुटाथायोन हा घरचा अँटिऑक्सिडंट १ ते १० मिलिमोलर असतो. म्हणजे मेलाटोनिनच्या एका रेणूमागे ग्लुटाथायोनचे वीस लाखांहून अधिक रेणू उभे आहेत. हायड्रॉक्सिल मूलक इतके उतावीळ असते की समोर जो रेणू येईल त्याला ते लगेच गाठते. प्रथिन, मेद, साखर, काहीही. त्याच्याशी अतिशय वेगाने अभिक्रिया होते, हे मेलाटोनिनचे वेगळेपण नाही, कारण बहुतेक सर्वच सेंद्रिय रेणूंशी ती तशीच होते. वीस लाखांच्या गर्दीत एकटा मेलाटोनिन त्या मूलकाच्या वाटेत येण्याची शक्यता किती, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

दुसरा मुद्दा रचनेचाच आहे. ई जीवनसत्त्वासारखे रेणू पेशीपटलातील मेदाची विघटनसाखळी तोडतात, कारण त्यांच्याकडे फिनॉलिक, म्हणजे बेंझिनसारख्या कड्याला थेट जोडलेले, हायड्रॉक्सिल असते आणि त्यातील हायड्रोजन ते पेरॉक्सिल मूलकाला सहज देतात. मेलाटोनिनमध्ये नेमका तोच हायड्रोजन मिथिल गटाने झाकलेला आहे. कीथ इंगोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली तपासले तेव्हा मेलाटोनिन हे साखळी तोडणारे अँटिऑक्सिडंट ठरले नाही. त्याच्या एक पायरी आधीचे एन-ॲसिटिलसेरोटोनिन, ज्याचे हायड्रॉक्सिल उघडे आहे, ते या कामात अधिक सरस असते. ग्राहीला हवा असलेला मिथिल गट आणि अँटिऑक्सिडंटला नको असलेला मिथिल गट एकच आहे. हे ज्याने ध्यानात घेतले त्याला ‘सर्वांत प्रभावी अँटिऑक्सिडंट’ हे बिरुद पटणार नाही.

पेशींवरील प्रयोगांत अनेकदा १०० मायक्रोमोलर किंवा त्याहूनही अधिक मेलाटोनिन ओतलेले असते, म्हणजे रक्तातील रात्रीच्या प्रमाणाच्या दोन लाख पटींहून जास्त. एवढ्या पुरात ग्राहीचे काम, विकरांवरील परिणाम आणि मूलकांचे रसायन सगळे एकत्र वाहते, आणि मग निष्कर्ष कशाचा काढायचा?

रसायनी

गणित बरोबर आहे आणि ते मी आधीच मांडायला हवे होते. तरीही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की रक्तातील प्रमाण म्हणजे सर्वत्र सारखे प्रमाण नव्हे; पिनियलच्या शेजारच्या मेंदूद्रवात ते रक्तातल्यापेक्षा बरेच जास्त आढळते, असे मेंढ्यांवरील अभ्यासांत दिसले आहे. दुसरी अशी की पेशीचे रक्षण करण्यासाठी प्रत्येक मूलक स्वतःच टिपले पाहिजे असे नाही. मेलाटोनिनच्या उपस्थितीत पेशी सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांसारखी संरक्षक विकरे अधिक बनवते असे अनेक प्रयोगांत दिसते. एक निरोप शेकडो विकररेणू कामाला लावू शकतो, आणि प्रत्येक विकररेणू सेकंदाला असंख्य रेणू निस्तरतो. तिथे वीस लाखांचा हिशेब लागू पडत नाही.

कणाद

हे मला मान्य आहे, परंतु मग ते अँटिऑक्सिडंट राहत नाही, अँटिऑक्सिडंट व्यवस्थेला जागे करणारा निरोप ठरते. हा शब्दांचा खेळ वाटू नये. परिणाम निरोपाचा असेल तर तो अल्प मात्रेत दिसला पाहिजे आणि ग्राही अडवल्यावर थांबला पाहिजे. रसायनाचा असेल तर मात्रेबरोबर वाढत गेला पाहिजे आणि ग्राही अडवून काही फरक पडू नये. तंतुकणिकांच्या (मायटोकाँड्रियांच्या) बाह्य पटलावर एमटी-१ असल्याचे २०१७ साली चेतापेशींत दाखवले गेले, त्यामुळे आतल्या भागातही निरोपाची शक्यता खुली झाली आहे. रेणू भाररहित असल्यामुळे तिथपर्यंत पोहोचतो, हा आपला पहिला मुद्दा इथे उपयोगी पडतो.

नक्षत्रवेडी

मग हे वेगळे कसे करतात? एकच रेणू दोन्ही कामे करत असेल तर एक काम बंद करून दुसरे पाहता येते का?

रसायनी

हा या धाग्यावरचा सर्वांत चांगला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुन्हा रचनेतच आहे.

ग्राहीला दोन हात हवेत, मधला पाट इंडोलचाच असावा असा त्याचा आग्रह नाही. औषधनिर्मात्यांनी याचाच फायदा घेतला. ॲगोमेलॅटिनमध्ये इंडोलच्या जागी नॅफ्थलीन आहे, म्हणजे सहा अणूंची दोन कडी, नायट्रोजन नाही; मेथॉक्सी आणि ॲसिटिल अमाइड मात्र तसेच आहेत. रॅमेल्टिऑनमध्ये तर मेथॉक्सीचा ऑक्सिजन एका लहान कड्यात शिवून टाकला आहे, जेणेकरून तो हलू नये आणि ॲस्परॅजिनच्या खुंटीकडे तोंड करून राहावा. इंडोलचा नायट्रोजन तिथेही नाही आणि अमाइडवर ॲसिटिलऐवजी एक कार्बन जास्त असलेला प्रोपिओनिल गट आहे. एमटी-१ वरील त्याची पकड मेलाटोनिनहून घट्ट आहे. ही दोन्ही औषधे ग्राहीचे काम करतात, परंतु इंडोलचे कडे उघडून होणारी किन्युरामाइनची साखळी त्यांना शक्य नाही. तेव्हा एखादा परिणाम रॅमेल्टिऑननेही अल्प मात्रेत मिळत असेल, तर तो ग्राहीमार्फत होत आहे असे मानायला जागा आहे.

उलट दिशेचे साधन म्हणजे लुझिंडोल. त्यात ॲसिटिल अमाइडची साखळी आहे, २ क्रमांकावर बेंझिल गट आहे, पण ५ क्रमांकावर मेथॉक्सी नाही. एक हात धरून ते खिशात बसून राहते, ग्राहीला चालू करत नाही आणि मेलाटोनिनला जागा देत नाही. अर्थात त्याचे कडे इंडोलचेच असल्यामुळे जास्त मात्रेत तेही मूलकांच्या रसायनात लुडबूड करू शकते, म्हणून एकट्या लुझिंडोलच्या प्रयोगावर विसंबू नये.

कणाद

आणखी एक उपाय म्हणजे डांग्या खोकल्याच्या जिवाणूचे विष. ते जी-आय प्रथिनाला निकामी करते. मेलाटोनिनचा परिणाम या विषाने नाहीसा झाला तर निरोप त्याच वाटेने जात होता हे सिद्ध होते. ज्या शोधनिबंधात यांपैकी एकही पडताळणी नाही आणि मात्रा मिलिमोलरमध्ये आहे, तो मी वाचतो, पण त्यावरून कोणाला गोळ्या घ्यायला सांगणार नाही.

डॉ. दिवेलागण

वैद्यकीय बाजूने थोडे लिहितो, कारण समुद्रपार यांच्या ‘नुकसान काय’ या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही.

ज्या रचनेमुळे हा रेणू कुठेही शिरतो, तिच्यामुळेच तो यकृतातही झपाट्याने मोडतो. मेथॉक्सी गटामुळे समृद्ध झालेल्या कड्याच्या ६ क्रमांकाच्या कार्बनवर सीवायपी-१ए२ हे विकर हायड्रॉक्सिल बसवते, त्याला सल्फेट जोडले जाते आणि तो मूत्रावाटे निघून जातो. मूत्रातील याच संयुगावरून रात्रभरात किती मेलाटोनिन बनले याचा अंदाज घेतात. रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो आणि तोंडावाटे घेतलेल्या मात्रेतील सरासरी १५ टक्क्यांच्या जवळपासच भाग यकृतातून वाचून रक्तात पोहोचतो, तोही माणसागणिक फार वेगळा. शरीर रात्रभरात बनवते ते दोन आकडी मायक्रोग्रॅमच्या घरात असते. दुकानात मिळणारी गोळी ३, ५ किंवा १० मिलिग्रॅमची असते. ०.३ मिलिग्रॅमच्या मात्रेनेही रक्तातील प्रमाण नैसर्गिक रात्रीएवढे होते, हे १९९० च्या दशकात एमआयटीमधील रिचर्ड वुर्टमन यांच्या गटाने दाखवले होते.

आता सीवायपी-१ए२ हेच विकर कॅफीनही मोडते, धूम्रपानाने ते वाढते आणि फ्लुव्होक्सामिन या नैराश्यावरील औषधाने ते जवळजवळ बंद पडते. फ्लुव्होक्सामिन घेणाऱ्याने मेलाटोनिन घेतले तर रक्तातील प्रमाण कित्येक पटींनी चढते. ॲगोमेलॅटिन आणि रॅमेल्टिऑन हीही या विकराचीच गिऱ्हाइके असल्याने फ्लुव्होक्सामिनबरोबर ती देत नाहीत. शिवाय हा रेणू वारेतून गर्भापर्यंत आणि मातेच्या दुधात सहज पोहोचतो. आईच्या रात्रीच्या दुधात ते दिवसाच्या दुधापेक्षा जास्त असते, ही निसर्गाची योजना आहे. गोळीने त्यात ढवळाढवळ करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक. एमटी-२ ग्राही स्वादुपिंडातील बीटा पेशींवरही आहे, आणि या ग्राहीच्या जनुकातील एक सर्रास आढळणारा बदल रक्तातील उपाशीपोटीच्या साखरेशी आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी निगडित असल्याचे २००९ च्या सुमारास दिसून आले. जेवण आणि मेलाटोनिनची गोळी यांच्यात अंतर असावे असे मी रुग्णांना सांगतो.

समुद्रपार

आभारी आहे. मी रात्री साडेदहाला जेवतो आणि अकराला गोळी घेतो, म्हणजे दोन्ही गोष्टी चुकीच्या करत होतो. गोड गोळीत लिहिलेली मात्रा तरी खरी असते का?

डॉ. दिवेलागण

कॅनडात ३१ उत्पादने तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष मात्रा वेष्टनावरील आकड्यापेक्षा ८३ टक्क्यांनी कमी ते ४७८ टक्क्यांनी जास्त अशी आढळली होती. आठ उत्पादनांत सेरोटोनिनही सापडले.

रसायनी

सेरोटोनिन सापडले याचे मला रसायनशास्त्रज्ञ म्हणून फारसे आश्चर्य वाटत नाही. दोन्ही रेणू इतके जवळचे आहेत की कच्च्या मालात किंवा वनस्पतींच्या अर्कात ते एकत्र येणे शक्य आहे. गिळलेले सेरोटोनिन भारामुळे मेंदूत जाणार नाही, पण आतडे आणि रक्तवाहिन्या यांच्यावर सेरोटोनिनचे स्वतःचे ग्राही भरपूर आहेत. आपल्याकडून एक ॲसिटिल आणि एक मिथिल जोडायचे राहून गेले, तर पेशी तो रेणू मेलाटोनिन म्हणून वाचत नाही, पूर्णपणे वेगळे काहीतरी म्हणून वाचते.

कणाद यांच्यासाठी एक प्रश्न राहिला आहे. एमटी-२ च्या खिशाचे कडेचे दार एमटी-१ पेक्षा अरुंद आहे असे त्या स्फटिकरचनांवरून वाचल्याचे आठवते. केवळ एकाच ग्राहीला धरणारा रेणू बनवायचा असेल तर खुंट्या सारख्याच असल्याने हात बदलून भागणार नाही. मग दाराच्या रुंदीचा उपयोग करता येईल का?

कणाद

करता येतो, आणि प्रयत्न त्याच दिशेने सुरू आहेत. दोन्ही खिसे आतून जवळजवळ सारखे असल्यामुळे निवड करणारा भाग रेणूच्या अशा टोकाला बसवावा लागतो जे खिशाच्या कडेच्या पोकळीत किंवा दाराच्या वाटेत पोहोचते. २ क्रमांकाच्या कार्बनच्या आसपास जाडजूड गट बसवल्यावर काही संयुगांत एमटी-२ कडे कल झुकतो, तो यामुळेच. एमटी-१ ला निवडून धरणारे रेणू शोधणे अधिक जिकिरीचे ठरले, पण स्फटिकरचना हाती आल्यावर संगणकावर कोट्यवधी रेणू त्या खिशात बसवून पाहण्यात आले आणि तसे काही रेणू २०२० साली सापडले. उंदरांना ते दिल्यावर त्यांच्या घड्याळाचे काटे अपेक्षेहून वेगळ्या पद्धतीने सरकले. त्यांची रचना पाहिली तर मेलाटोनिनशी त्यांचे नाते ओळखूही येत नाही. सारख्या राहिल्या आहेत त्या केवळ खुंट्या.